पाहुणा नको, वाटेकरी कर

अगं, दुपारचा पसारा आवरून झाला असेल तर जरा टेक. बोलायचंय ते तुझ्या लेकाबद्दलच. "ताई, पोराला सव्विसावं लागलं, बी.कॉम. होऊन घरातच बसलाय. बोलले तर भांडण, नाही बोलले तर जिवाला घोर," असं तू म्हणालीस तेव्हा तुझा आवाज दबला होता, भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून. बैंगनवाडीपासून देवनारच्या म्युनिसिपल कॉलनीपर्यंत आणि पुढे मानखुर्दच्या लल्लूभाई कंपाउंडपर्यंत कितीतरी आया हे असंच हळू आवाजात बोलतात. तेव्हा आधी ती लाज बाजूला ठेव. लाजेपोटी गप्प बसलेल्या घरात वर्षं जातात.

आता थोडं कडू बोलते. तुझ्या घरात त्याला सकाळी टोमणा मिळतो आणि संध्याकाळी दोनशेची नोट. दहाला उठला की "उठले का साहेब?", आणि सहाला बाहेर निघाला की बाबांच्या नकळत तूच त्याच्या हातात पैसे कोंबतेस. टोमण्याने तो मनातून खचतो आणि नोटेमुळे त्याचा दिवस निभावतो. खचलेला माणूस उठून कामाला लागत नाही, आणि ज्याचा दिवस निभावतोय त्याला उठायची घाईही नसते. म्हणून दोन्ही एकदमच बंद करायला हवं.

माझं सांगणं एवढंच आहे. लेकाला घरातला पाहुणा करून ठेवू नकोस आणि घराबाहेरही काढू नकोस. त्याला घरातला वाटेकरी कर. कामात वाटा, खर्चात वाटा आणि निर्णयातही वाटा. गोवंडीत पोरगा स्वतःच्या पायावर उभा राहिला याचा अर्थ त्याने वेगळी खोली घेतली असा होत नाही. पुनर्वसनाच्या 225 चौरस फुटांच्या घरात चार-पाच माणसं राहतात आणि बाहेर डिपॉझिट-भाड्याचं गणित पगारदारालाही जमत नाही. इथे स्वतःच्या पायावर उभं राहणं म्हणजे त्याच खोलीत राहून घराचं ओझं उचलणं.

सगळा दोष त्याच्या माथी मारू नकोस

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2024 साली भारतातल्या रोजगारावर एक अहवाल काढला. देशातल्या बेकारांपैकी सुमारे 83 टक्के तरुण आहेत, असं त्यात म्हटलंय. त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या तरुणांत बेकारी 3.4 टक्के, तर पदवीधर तरुणांत 29.1 टक्के. ज्याच्या घरात उद्याची चूल पेटायची खात्री नाही, तो मिळेल ते काम धरतो. ज्याला शिकवण्यासाठी आईबापाने पोटाला चिमटा घेतला, तो शिक्षणाला शोभेल अशा कामाची वाट बघत बसतो. तुझा लेक घरी बसलाय ते तुझे संस्कार कमी पडले म्हणून नव्हे, हे आधी स्वतःला सांग.

त्यात आपला पत्ता. 2009 च्या मुंबई मानवी विकास अहवालात आपला एम पूर्व विभाग सगळ्या शहरात तळाला होता. मुलाखतीत "कुठे राहतोस?" या प्रश्नाला गोवंडी असं उत्तर दिलं की समोरच्याचा चेहरा बदलतो, हे इथली मुलं सांगतात आणि ते खरं आहे. दोन-तीनदा असं झालं की मुलगा जायचंच सोडतो आणि वर कारण सांगतो, "त्या नोकरीत काही दम नव्हता." पुढच्या वेळी तो मुलाखतीहून हात हलवत आला, तर "झालं का काही?" विचारण्याआधी त्याला जेवायला वाढ. नंतर विचार, "काय काय विचारलं रे तिथे?" त्याला पुरतं बोलू दे. आपलं कोणी ऐकतंय हे कळलं की मुलगा पुढच्या मुलाखतीला जातो.

मुंबईने हे दुखणं आधीही पाहिलंय. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यानंतर गिरणगावात घरोघरी तरणी पोरं बिनकामाची बसली. जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक त्याच घरांचं आहे. काम नसलेली मुलं, एकच खोली आणि सगळ्यांचं ओझं वाहणारी आई. त्या काळाने शिकवलेली एक गोष्ट आपण धरून ठेवायला हवी. एका खोलीत राहून माणसं एकमेकांशी सरळ बोलेनाशी झाली की बेकारी पैशांपुरती राहत नाही, ती माणसांच्या मनात शिरते.

वाट बघण्याची मुदत ठरव

आपल्याकडे वाट बघण्याचे दोन ठरलेले प्रकार आहेत. पहिला वारसा हक्काचा. महापालिकेच्या सफाई कामगारांच्या घरात लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे वारसाला नोकरी मिळू शकते. पिढ्यान् पिढ्या शहराची घाण उपसलेल्या माणसांना मिळालेला हा हक्क आहे, तो जरूर घ्यावा. पण "बाबा निवृत्त झाले की माझीच जागा" असं म्हणत मुलगा विशीतली सगळी वर्षं कट्ट्यावर काढणार असेल, तर नोकरी हातात येईपर्यंत त्याची काम करायची सवयच मोडलेली असेल.

इथे सुनील यादव यांचं उदाहरण त्याला सांग. मुंबई महापालिकेत वडिलांच्या जागी ते सफाई कामगार म्हणून लागले. रात्री रस्ता झाडायचा आणि दिवसा शिकायचं, असं करत त्यांनी आपल्या देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतून एम.ए. आणि एम.फिल. केलं. जिच्या फाटकावरून तुझा लेक रोज जातो, तीच ही संस्था. हातात झाडू होता म्हणून त्यांचं शिक्षण थांबलं नाही, उलट त्या पगाराने शिक्षणाला आधार दिला.

दुसरा प्रकार भरतीचा. पोलीस भरतीला खुल्या गटासाठी 28 आणि मागासवर्गीयांसाठी 33 वर्षांची मर्यादा आहे. राज्यसेवेला ती 38 आणि 43 पर्यंत जाते. सरकारने मर्यादा ठेवलीय म्हणून घरानेही तोवर थांबायचं असं नसतं. घराची मर्यादा घराने ठरवायची: ही भरती आणि पुढची एक, त्यानंतर दुसरी वाट. शिवाय तयारी खरी आहे की नावाची, हे तुला घरबसल्या कळतं. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर धावावं लागतं, 100 मीटर आणि गोळाफेक असते, या मैदानी चाचणीला 50 गुण असतात आणि पुढे 100 गुणांची लेखी परीक्षा. याची तयारी करणारा मुलगा पहाटे साडेपाचला बूट घालून मैदानावर जातो. जो दहाला उठतो, तो भरतीचं फक्त नाव सांगतोय. तो पहाटे उठत असेल तर त्याला दोन अंडी जास्त दे, फॉर्मचे पैसे दे, मनापासून पाठीशी उभी राहा. उठत नसेल तर भरतीच्या नावाखाली चाललेला आराम थांबव. आणि दोन्ही वेळी दिवसाचे चार तास तरी कमाईचं काम हवंच.

रविवारची बैठक

बोलायचं ते उठता-बसता नको, ठरवून बोल. त्याआधी नवऱ्याशी बोलून घे. बाप ओरडतो आणि आई पाठीशी घालते, अशा घरात मुलगा दोघांच्या मधल्या फटीत राहायला शिकतो. दोघांचं एकमत झालं की रविवारचं जेवण उरकून, टीव्ही बंद करून तिघं बसा. काका, मामा, शेजारी कुणी नको. चार माणसांत मुलाचा पाणउतारा झाला की पुढचं काहीच त्याच्या कानात शिरत नाही.

एक वही आणि गेल्या महिन्याची बिलं पुढ्यात ठेव. लिहायला त्यालाच सांग. सोसायटीचा मेंटेनन्स, लाइट बिल, सिलिंडर, किराणा, दूध, आजीची औषधं, भिशीचा हप्ता, तिघांच्या मोबाइलचे रिचार्ज. बेरीजही त्यालाच करू दे, आणि शेजारी बाबांचा पगार आणि तुझ्या डब्यांचे पैसे लिहायला लाव. सव्विसाव्या वर्षापर्यंत घराचं लाइट बिल हातात न घेतलेली मुलं आपल्याकडे खूप आहेत, कारण आपणच ती त्यांच्यापासून लपवतो. बेरीज आपल्या अक्षरात दिसली की पोरगा गप्प होतो. तेव्हा तू बोल.

"बाळा, तुला आम्ही कमी लेखत नाही. पण हे घर आता आम्हा दोघांच्याने ओढवत नाही. या महिन्यापासून तूही हात लाव. कसा आणि किती, ते तू सांग."

एवढं बोलून थांब. लगेच उपाय सुचवू नकोस, भाच्याचं उदाहरण देऊ नकोस. तो चिडेल. "मी ओझं झालोय का तुम्हाला?" असंही म्हणेल. तेव्हा आवाज न चढवता सांग, "ओझं असतास तर तुझ्याकडे मदत मागितली असती का?" मग जे ठरेल ते त्याच वहीत लिहा, तारखेसकट.

पहिल्या महिन्यात काय ठरवायचं

नोकरी मिळेपर्यंत घरातली जबाबदारीची कामं त्याच्याकडे दे. पहाटेचं पाणी भरणं, रेशनच्या दुकानात जाणं, बिलं भरणं, आजीला शताब्दी रुग्णालयात नेणं आणि केसपेपर काढून रांगेत उभं राहणं. शिक्षा म्हणून द्यायची नाहीत ही कामं. एकदा दिलं की मागे लागायचं नाही आणि त्याने नाही केलं तर गुपचूप आपण उरकायचं नाही. पाणी भरलं नाही तर त्या दिवशी पाणी कमी पडू दे. तुला ते बघवणार नाही, तरी बघ.

वरखर्च एकदम तोडू नकोस. मुलाखतीचं तिकीट, झेरॉक्स, फोटो, परीक्षेची फी यांना पैसे द्यायचे आणि वहीत मांडायचे. कट्ट्यावरचा चहा-सिगारेट आणि मोबाइलवरचे पैशाचे खेळ यांना नाही. आणि त्याचा पहिला पगार आला, मग तो सहा हजार का असेना, त्यातला ठरलेला भाग घरात घे. "राहू दे रे, तुझे तुलाच ठेव," असं तू म्हणशील, कारण आईचं मन तसंच असतं. पण तसं म्हणू नकोस. ते पैसे घे आणि त्यातून लाइट बिल त्याच्याच हाताने भरायला लाव. घरात आपल्या पैशाने दिवा लागतो हे कळलं की मुलाची चालच बदलते.

काम शोधायचं कुठे

आधी त्याच्या मनातली "चांगली नोकरी" थोडी दूर सरकव आणि पहिली नोकरी जवळ आण. दुसरी नोकरी मिळते ती पहिलीच्या जोरावर, कारण कुठेही गेलं तरी आधी अनुभव विचारतात.

शिकाऊ उमेदवारी म्हणजे ॲप्रेंटिसशिप. 1961 च्या कायद्याने ती चालते, शिकताना विद्यावेतन मिळतं आणि शेवटी प्रमाणपत्र. आता ती आयटीआयवाल्यांपुरती राहिलेली नाही, बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही घेतात. चेंबूरचा आरसीएफचा खत कारखाना आणि माहुलच्या तेल शुद्धीकरण कंपन्या आपल्या दाराशी आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवायला सांग. हाताने काम करायची आवड असेल तर विद्याविहारला कुर्ल्याची सरकारी आयटीआय आहे. फक्त वय बघा. मध्य रेल्वेच्या शिकाऊ भरतीत साधारण 24 वर्षांपर्यंतच घेतात, राखीव गटांना सवलत असते. धाकटा असेल तर त्याच्यासाठी आत्ताच धावपळ कर.

राज्य सरकारची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली. 18 ते 35 वयाच्या मुलांना कार्यालयात किंवा कंपनीत प्रशिक्षण मिळतं आणि महिन्याला विद्यावेतन: बारावीला 6 हजार, आयटीआय-पदविकेला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. नोंदणी महास्वयम् संकेतस्थळावर होते. पण हे प्रशिक्षण आहे, कायमची नोकरी नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी सांग. मुदत संपायच्या आत त्याने पुढचे अर्ज केलेले असायला हवेत.

खाडीपलीकडचंही बघा. मानखुर्दनंतर पूल ओलांडला की वाशी येते. तिथे तुर्भ्याची बाजार समिती आहे, महापे-रबाळ्याचे कारखाने आणि कार्यालयं आहेत. आपल्या मुलांचं लक्ष सगळं बीकेसी आणि अंधेरीकडे, आणि हार्बरची उलट्या दिशेची गाडी सकाळी त्या मानाने मोकळी जाते.

धंदा करायचा म्हणत असेल तर त्याला नाउमेद करू नकोस. 2019 पासून मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. त्यात प्रकल्पाच्या 15 ते 35 टक्के अनुदान मिळतं, आपला वाटा 5 ते 10 टक्के आणि उरलेलं बँकेचं कर्ज. पण अट घाल: ज्या धंद्यासाठी कर्ज काढायचं, त्याच धंद्यात आधी वर्षभर दुसऱ्याकडे काम कर. मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकणाऱ्याने आधी कुणाच्या तरी काउंटरवर बसलं पाहिजे.

आणि मंगळसूत्र मोडून कोणाला पैसे देऊ नकोस. "मंत्रालयात ओळख आहे, दोन लाखांत लावून देतो," म्हणणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. परदेशात डेटा एंट्रीची नोकरी देतो म्हणून मुलांना म्यानमार-कंबोडियात नेऊन डांबल्याच्या घटना घडल्या आहेत. जी नोकरी आधी पैसे मागते, तिच्याकडे पाठ फिरवायची.

आळस नसून आजार असेल तर

हे नीट ऐक. मुलगा रात्ररात्र जागतोय, अंघोळ टाळतोय, मित्रांनाही भेटत नाही, जेवणावरची वासना गेलीय, "माझ्याने काहीच होणार नाही" असं वारंवार म्हणतोय, तर वही आणि बैठक बाजूला ठेव. त्याला आधी डॉक्टर हवा. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक 2022 पासून सुरू आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तिथे नेलं म्हणून कोणी वेडं ठरत नाही.

घरातले पैसे नाहीसे होत असतील, डोळे जड दिसत असतील, तर नशेच्या "बटन" गोळ्या किंवा एमडी आहे का ते बघ. आपल्या वस्तीत हे विष किती सहज मिळतं ते तुला मी सांगायला नको. अशा वेळी हातात रोख पैसे द्यायचे नाहीत, शपथा घालायच्या नाहीत, सरळ उपचाराला न्यायचं. पुण्याचं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र 1986 पासून हेच काम करतंय.

लोक काय म्हणतील

"लग्न लावून दे, जबाबदारी पडली की सुधारेल," हा सल्ला तुला मिळालाच असेल. तो ऐकू नकोस. एकाचं पोट भरताना दमलेल्या घरात दुसऱ्याची लेक आणणं म्हणजे तिच्या जन्माशी खेळ. तो कमवायला लागून वर्ष झालं की मग लग्नाचं बोलायचं.

मुलगी शिकून घरात बसली असेल तर तिलाही हीच वही आणि हाच वाटा. ती दिवसभर राबते म्हणून तिला कोणी बेकार म्हणत नाही आणि तिच्या नोकरीचं कोणी मनावर घेत नाही. हा तिच्यावरचा अन्याय आहे.

कायदा काय सांगतो तेही माहीत असू दे. धडधाकट सज्ञान मुलाला पोसण्याची सक्ती आईबापावर नाही. स्वतःच्या कमाईच्या घरात मुलाला ठेवायचं की नाही हे आईबापाच्या मर्जीवर आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2016 साली म्हटलंय. कोर्टाची पायरी चढ असं मी म्हणत नाही. तू जे करतेस ते मायेने करतेस, कुणाच्या धाकाने नाही, आणि म्हणून त्यात अट घालण्याचा तुला पुरता अधिकार आहे, एवढंच तुला कळावं.

महिनाभरात सगळं पालटेल अशी आशा धरू नकोस. दोन नोकऱ्या तो सोडेल, एकदा तूही चिडून टोमणा मारशील. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वही मात्र उघडत जा. तू अजून काही वर्षं राबशील, पण जन्मभर पुरणार नाहीस, आणि तू नसताना त्याला त्याच्या पायावर उभं राहावंच लागणार आहे. ते तू पाठीशी असताना शिकू दे. हा रविवार वाया घालवू नकोस, बाई. बिलं काढून ठेव आणि त्याला समोर बसव.